घारापुरीचा कचरा: एकट्या ग्रामपंचायतीला दोष नको
'ग्रामपंचायतीने मनावर घेतलं तर घारापुरी महिन्याभरात स्वच्छ होईल', हे मला पटत नाही. मुंबईजवळच्या या बेटावर (एलिफंटा) शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर ही तीनच छोटी गावं, आणि लेणी सोमवारी बंद असतात तेवढं सोडलं तर पर्यटकांच्या बाटल्या-वेष्टनं रोजचीच. समुद्राखालच्या केबलने वीजसुद्धा २०१८ साली पोचली, मग सांडपाण्याचा प्रकल्प त्याआधी कशावर चालवला असता? भंगारवाल्याचा टेम्पो तिथे जात नाही. प्लास्टिक दाबून, बोटीत भरून न्यायचं, म्हणजे विकून आलेले पैसे भाड्यातच संपायचे. शौचालयाच्या टाक्या उपसणारी गाडी तरी बेटावर कशी न्यायची? भरतीबरोबर किनाऱ्याला लागणारा कचरा वेगळाच. माझ्या मते बोटीच्या तिकिटातच कचरा परत नेण्याचा खर्च धरावा.