विषय : ठाण्यातील आईवडिलांसाठी शेजारची माणसे

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

गेल्या ऑगस्टमध्ये नौपाड्यातल्या आमच्या घरी माझी आई मोरीत पाय घसरून पडली. तिचे वय 79, घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही आणि दाराला आतून कडी. बॉस्टनहून मी रोजच्या वेळेला केलेला फोन तीनदा वाजून बंद झाला, तेव्हा मी वृद्धांच्या देखभालीसाठी वर्षाचे शुल्क भरलेल्या कंपनीला कळवले. तर तिथल्या माणसाने मलाच विचारले की, तुमच्या इमारतीत कोणाचा नंबर आहे का. अखेर खालच्या मजल्यावरच्या काकांनी सुतार आणून कडी तोडली, पण तोपर्यंत दोन तास उलटले होते. खुबा वाचला, मनगटावर निभावले.

पैसे मी कंपनीला देत होते आणि धावून आले ते शेजारी, ज्यांचा फोन नंबरसुद्धा माझ्याकडे नव्हता. ही गोष्ट मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

बॉस्टनमधल्या बीकन हिल या जुन्या वस्तीतल्या काही ज्येष्ठ रहिवाशांनी, म्हातारपणी आपले घर सोडावे लागू नये म्हणून, स्वतःच एक संस्था काढली आणि 2002 मध्ये ती सुरू केली. सभासद वार्षिक वर्गणी भरतात आणि दवाखान्यात सोबत हवी असो, वाणसामान आणायचे असो की विश्वासाचा प्लंबर हवा असो, एकाच ठिकाणी फोन करतात. कार्यालयात मोजके पगारी लोक असतात, बाकी काम स्वयंसेवक करतात आणि त्यांतले कित्येक स्वतः सभासद असतात. पुढे अमेरिकेतल्या अनेक गावांनी हाच नमुना उचलला.

ठाण्यात याचा पाया आधीच आहे. ज्येष्ठ नागरिक संघ जागोजागी आहेत आणि राज्यातल्या अशा संघांचा ‘फेस्कॉम’ हा महासंघ 1980 पासून काम करतो आहे. आपण प्रत्येकाने निरनिराळ्या कंपन्यांना पैसे देण्याऐवजी, नौपाडा आणि पाचपाखाडी एवढ्याच भागासाठी स्थानिक संघाच्या सल्ल्याने एक पगारी समन्वयक नेमला तर कसे, हे मला आपणा सर्वांना विचारायचे आहे.

आपली,
नौपाड्याची एक लेक, बॉस्टन

---

आदरणीय ताई,

आपले पत्र दोनदा वाचले. अठ्ठावीस वर्षे इंग्लंडमध्ये काढून मी 2016 साली नेरुळला परतलो. आज माझे वय 74 आहे, त्यामुळे ज्यांच्याविषयी आपण लिहिता त्यांच्यापैकीच एक म्हणून हे लिहितो आहे.

समन्वयक जरूर नेमावा, पण तो प्रामुख्याने रुग्णसेवेत गुंतेल ही कल्पना सोडून द्यावी, कारण आमचा बराचसा जीव कागदपत्रांत अडकलेला असतो. नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला पोस्टमन घरी येऊन करून देऊ शकतो, सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच मूलभूत सेवा देण्यास रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच बँकांना सांगितले आहे, आणि 2024 पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेचे कार्ड काढता येते. हे सारे कागदावर आहे, तरीही जिने चढू न शकणारा माणूस रिक्षा करून बँकेच्या रांगेत उभा राहतो, कारण त्याच्यासाठी फोन करणारे कोणी नसते. 14567 ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइनही आमच्या कट्ट्यावर निम्म्या लोकांना ठाऊक नव्हती.

दुसरी बाब अधिक नाजूक आहे. आम्हांला मदत हवी असते, पण केवळ मदत घेणारे होऊन राहणे सोसत नाही. महापालिकेच्या विरंगुळा केंद्रात भेटणारे आम्ही अकरा जण रोज सकाळी साडेसातला एकमेकांना साखळीने फोन करतो. पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला. कोणी उचलला नाही, तर ज्याच्याकडे त्या घराची किल्ली आहे तो तिथे जातो. यात अंथरुणाला खिळलेल्या आजीसुद्धा आहेत, कारण फोन त्यांनाही करता येतो, आणि आपला फोन गेला नाही तर पुढच्याचा दिवस अडेल या जाणिवेने त्या वेळेवर उठून बसतात. मुलांनी बसवलेल्या कॅमेऱ्यातून हे साधत नाही. मात्र मध्यरात्री कोणाला उचलून तीन मजले उतरवणे आमच्या वयाला झेपणार नाही. त्यासाठी 108 ची रुग्णवाहिका, वॉचमन आणि इमारतीतली तरुण मुले यांची आधीच बोलून ठेवलेली व्यवस्था हवी.

आणि कृपया आधी आईंना विचारा. त्यांच्या नावाने आपण परस्पर ठरवलेली योजना त्या सौजन्याने नाकारतील.

आपला,
नेरुळचा एक सभासद

---

आदरणीय काका,

आपले पत्र मी आईला फोनवर वाचून दाखवले. साखळीचा भाग ऐकल्यावर तिने एकच प्रश्न विचारला, “मग मी कोणाला फोन करायचा?” गेल्या कित्येक महिन्यांत तिचा एवढा उत्सुक आवाज मी ऐकला नव्हता.

दाराची कडी काढून बाहेरून किल्लीने उघडणारे कुलूप बसवले आहे आणि एक किल्ली खालच्या काकांकडे दिली आहे. नौपाडा किंवा पाचपाखाडीत ज्यांचे आईवडील राहतात, त्यांनी त्यांची संमती घेऊन मला रविवारपर्यंत कळवावे. पाच घरे जमली तरी साखळी सुरू करू. समन्वयकाच्या पगाराचा हिशेब त्यानंतर मांडते.