मदत हवी आहे: चौथ्या पिढीतही 'निर्वासित'? पॅलेस्टिनी लोकांचं हे नेमकं कसं चालतं?

नमस्कार मंडळी,

मी शारजात एका बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेयर आहे. माझ्या शेजारी बसणारा सहकारी बैरूतच्या बुर्ज अल-बराजने छावणीत जन्मला. पण गाव विचारलं की 'कुवैकात' सांगतो. आजच्या इस्रायलमधल्या अक्का शहराजवळचं हे गाव जुलै १९४८ मध्ये, अरब-इस्रायल युद्धात, रिकामं झालं आणि १९४९ पासून त्याच्या जमिनीवर बेत हाएमेक नावाचा किबुत्झ (इस्रायली सामुदायिक वसाहत) आहे. यानं गाव पाहिलेलं नाही, याच्या वडिलांनीही नाही. तरी विहीर कुठे, चुलत आजोबांचं ऑलिव्हचं रान कुणाच्या बांधाला लागून, हे सगळं पेन्सिलीनं काढून दाखवतो.

त्याला नुकतीच मुलगी झाली. तिची उनर्वाकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संस्थेकडे, नोंद करायची धडपड चालू आहे. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी सहज हे लिहिलं आणि भडका उडाला. "चौथ्या पिढीत कसला निर्वासित?" "उल्हासनगरचे सिंधी मागतात का कराची परत?" मला धड उत्तर देता येईना.

त्याला खोदून विचारायला जीभ रेटत नाही. रेवदंड्याकडची बेने इस्रायली कुटुंबं इस्रायलला गेली, हे मी एकदा बोलून गेलो. तो शांतपणे म्हणाला, "त्यांना इस्रायलचा १९५० चा ज्यूंसाठीचा 'परतीचा कायदा' घरी ये म्हणतो. माझे आजोबा तिथे जन्मले, मला व्हिसाही मिळत नाही."

तर जाणकारांनी सांगा: ही नोंद पिढ्यानपिढ्या कशी चालते? दुसऱ्या देशाचं नागरिकत्व मिळालं की संपते का? आणि 'परत जायचंय' म्हणतात ते खरंच सगळे सामान बांधून निघणार आहेत का? राजकीय धुळवड नको, प्लीज.

प्रतिसाद: जुना_वाचक

उनर्वाची व्याख्या अशी: १ जून १९४६ ते १५ मे १९४८ या काळात ज्यांचं नेहमीचं वास्तव्य पॅलेस्टाईनमध्ये होतं आणि १९४८ च्या युद्धात ज्यांचं घर आणि पोटापाण्याचं साधन दोन्ही गेलं ते. आणि पुरुषांच्या बाजूनं त्यांचे वंशज. तेव्हा साधारण साडेसात लाख लोक बाहेर पडले, आज नोंदणी ५९ लाखांच्या आसपास आहे.

नागरिकत्वानं ही नोंद संपत नाही. जॉर्डनमधल्या बहुतेकांकडे जॉर्डनचं नागरिकत्व आहे, नोंदही आहे. टीकाकारांचा मुख्य आक्षेप इथेच असतो आणि तो अगदीच उडवून लावण्यासारखा नाही. पण मुलांना दर्जा मिळणं ही काही फक्त पॅलेस्टिनींची खासियत नव्हे. इतर निर्वासितांच्या छावणीत जन्मलेली मुलंही, तोडगा निघेपर्यंत, निर्वासितच मानली जातात.

प्रतिसाद: कॅम्प_नंबर_तीन

मी उल्हासनगरचा. आजोबा शिकारपूरहून आले. आम्हाला इथे पहिल्या दिवसापासून मत होतं, धंदा करता येत होता, आणि १९५४ च्या कायद्यानं तिकडे सुटलेल्या मालमत्तेचे क्लेम भरून थोडीफार भरपाईही मिळाली. तुमच्या मित्राच्या आजोबांना यातलं काय मिळालं? लेबनॉनमध्ये तर त्यांना कित्येक व्यवसाय बंद आहेत आणि २००१ पासून घर नावावर घेता येत नाही. त्यांना तिथे कायमचं वसवायचं नाही, हे त्या देशाच्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकातच लिहिलंय. ग्रुपवरच्या भिडूंना म्हणावं, आमचं उदाहरण द्यायचं तर पूर्ण द्या.

प्रतिसाद: सडेतोड

दुसरी बाजूही येऊ द्या. अरब देशांतून आठेक लाख ज्यूही बाहेर पडले, त्यातल्या बहुतेकांना इस्रायलनं सामावून घेतलं, त्यांची कुणी छावणी टिकवून ठेवली नाही. आणि ५९ लाख लोक परत आले तर ज्यू बहुसंख्य राहणार नाहीत. कोणतंही इस्रायली सरकार यावर सही करणार नाही. परतीच्या हक्कासाठी ज्याचा दाखला देतात तो ठराव १९४ संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा आहे, म्हणजे शिफारसच, आणि त्यात 'शेजाऱ्यांशी शांततेनं राहू इच्छिणाऱ्यांना' अशी अटही आहे.

प्रतिसाद: जुना_वाचक

सडेतोड, अट आहेच, पण त्याच परिच्छेदात न परतणाऱ्यांना भरपाई द्या असंही आहे. म्हणजे ११ डिसेंबर १९४८ लाच निवड माणसावर सोडली होती.

धागाकर्त्याच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. २००३ मध्ये पॅलेस्टिनी जनमत अभ्यासक खलील शिकाकी यांच्या रामल्लातल्या संस्थेनं वेस्ट बँक, गाझा, जॉर्डन आणि लेबनॉनमधल्या निर्वासितांना विचारलं. परतीचा हक्क मान्य व्हायलाच हवा, असं जवळजवळ सगळे म्हणाले. प्रत्यक्ष इस्रायलमध्ये जाऊन राहण्याचा पर्याय निवडणारे साधारण १० टक्के निघाले. निष्कर्ष जाहीर करायच्या वेळी जमावानं शिकाकींच्या कार्यालयावरच हल्ला केला. १० टक्क्यांचा आकडा हातात घेऊन उद्या कुणीतरी हक्कच मोडीत काढेल, ही धास्ती. २०१२ मध्ये पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास इस्रायली वाहिनीवर म्हणाले, की आता इस्रायलमध्ये असलेलं जन्मगाव सफद बघायचा हक्क मला आहे, तिथे राहायचा नाही. त्यावरही केवढा गदारोळ झाला!

प्रतिसाद: मीनलताई

आकड्यांची भीती पुढे करणाऱ्यांनी इक्रित बघावं. लेबनॉन सीमेजवळचं ख्रिस्ती गाव. नोव्हेंबर १९४८ मध्ये लष्करानं "दोन आठवडे बाहेर पडा" सांगितलं. माणसं इस्रायलचेच नागरिक झाली, कोर्टात गेली, जुलै १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. त्याच वर्षी नाताळात लष्करानं घरं सुरुंगानं उडवली. उरलं चर्च आणि दफनभूमी. आता तिथे पुरायला परवानगी आहे, राहायला नाही. पाचेकशे माणसांच्या गावानं कुठलं बहुमत जाणार होतं?

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. कॅम्प_नंबर_तीन, तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा ग्रुपवर टाकू का? मी 'जाणार की नाही' हाच प्रश्न धरून बसलो होतो, भांडण तर दाराला कुलूप कुणाचं यावरून आहे.

एक राहिलं. त्याची बायको जॉर्डनची आहे, निर्वासित नाही. मुलीच्या नोंदीत अडचण येईल का?

प्रतिसाद: मीनलताई

नाही, नोंद बापाकडून चालते. अडचण पुढे येईल. ही मुलगी मोठी होऊन नोंद नसलेल्या माणसाशी लग्न करेल तर तिच्या मुलांना शाळा-दवाखान्यासारख्या सेवांसाठी नोंदवता येतं, 'निर्वासित' म्हणून नाही. भावाच्या मुलांना मात्र तो दर्जा मिळतो. कुवैकात दोघांचंही तेवढंच, पण कागद बापाचं नाव बघतो.