मदत हवी आहे: कांद्याच्या सालीत ईस्टरची अंडी रंगवतेय, पानाचा ठसा फिसकटतोय

अनघा_लाइपझिग: अंड्यावर पान ठेवायचं, वरून नायलॉनचा जुना मोजा ताणून बांधायचा आणि कांद्याच्या सालीच्या पाण्यात उकळायचं. रंग चढतो, पानाच्या जागी ठसा राहतो. माझ्या पानाच्या कडेने रंग आत शिरतोय, शिरा तर दिसतच नाहीत. उद्या गुड फ्रायडे, इथे सगळी दुकानं बंद. रविवारी मुलं बागेत अंडी शोधणार आहेत. लवकर सांगा!

खटपट्या: पान कसलं? अंडी पांढरी की तपकिरी? गाठ कुठे मारली?

रंगारी_नाना: व्हिनेगर घातलंत का? त्याशिवाय अंड्यावर रंग धरत नाही.

सुमेधा_पी: नाना, ते बाजारच्या खायच्या रंगांना लागतं. कांद्याची साल नुसत्या पाण्यातही छान चढते. व्हिनेगर जास्त झालं तर कवचच विरघळायला लागतं, बुडबुडे येतात आणि पृष्ठभाग खरबरीत होतो.

रंगारी_नाना: मी लोकर रंगवतो. ही साल तुरटीशिवाय पक्की होत नाही.

सुमेधा_पी: लोकरीला तुरटी बरोबरच आहे. इथे अंडं आहे, आणि पोरं ते सोलून खाणार.

स्वाती_ड्रेस्डेन: लाइपझिगला आहेस तर बाउत्सेनची सोर्बियन पद्धत कर ना, म्हणजे पूर्व जर्मनीतल्या सोर्ब या स्लाव्ह लोकांची. हंसाच्या पिसाचं टोक त्रिकोणी कापायचं, वितळलेल्या मेणात बुडवून ठसे द्यायचे, मग रंगात. शेवटी मेणबत्तीजवळ धरून मेण पुसून घ्यायचं. पानांपेक्षा कितीतरी सुबक दिसतं.

अनघा_लाइपझिग: स्वाती, आत्ता पीस कुठून आणू? खटपट्या, अंडी तपकिरी. पानं आयव्हीची (भिंतीवर चढणारी वेल) आणि रोझमेरीची. गाठ जिथे जमली तिथे.

खटपट्या: आयव्ही आधी बाजूला काढा, ती विषारी असते. शिवाय जाड, ताठ पान गोलाईवर बसत नाही. कड उचलली की रंग खाली गेलाच. कोथिंबीर, पार्सली किंवा क्लोव्हरचं कोवळं पान घ्या. ओलं करून शिरांची बाजू कवचाला लावा, बोटाने कडा दाबा. मोजा पानाच्या बरोबर मागच्या बाजूला पिळून दोऱ्याने घट्ट बांधा, सुरकुती राहिली तर तिथे पट्टा उठतो. आणि अंडी पांढरीच हवीत, तपकिरीवर ठसा उठून दिसत नाही.

कोबीप्रेमी: लाल कोबी करा! पांढरं उकडलेलं अंडं त्याच्या पाण्यात रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी निळं. कांदा काय, नेहमीचा तपकिरी.

वसईकर_ज्यो: आमच्याकडे अंडी रंगवत नाहीत, मार्झिपानची (बदाम-साखरेची मिठाई) करतात. बदाम महाग म्हणून काजू, साखर, अंड्याचा पांढरा बलक, थोडं गुलाबपाणी. साच्यात दोन अर्ध्या वाट्या काढून जोडायच्या, वर आयसिंगची फुलं.

सुमेधा_पी: ज्यो, गुलाबपाणी कधी घालता? माझं मिश्रण सैल होतं.

अनघा_लाइपझिग: शेजारच्या आजींनी पांढरी अंडी दिली, कोथिंबीर घरात आहे. साली तशाच ठेवून उकळू का?

खटपट्या: साली आधी अर्धा तास उकळा, गाळा, पाणी गार होऊ द्या. साल अंड्याला टेकली की डाग पडतो. कच्ची अंडी त्या गार पाण्यात ठेवून मंद आच द्या, एकदम उकळत्यात टाकली तर तडकतात. दहा मिनिटं उकळून त्याच पाण्यात कोमट होऊ द्या, मग मोजा कापा. पुसून तेलाचं बोट फिरवा. आणि रविवार सकाळपर्यंत फ्रीजमध्येच ठेवा.

वसईकर_ज्यो: सुमेधाताई, अगदी शेवटी, गॅस बंद केल्यावर. सैल झालंच तर पुन्हा मंद आचेवर परता, कडा सोडेपर्यंत.