मदत हवी आहे : ब्रेक आधी, वेग नंतर. डेटा लॉगरचे आलेख नेमके कसे वाचायचे?

तिसरा_गिअर

नमस्कार मंडळी,

तीन हंगाम क्लब पातळीवरच्या शर्यतींत गाडी चालवतोय. लहान हॅचबॅक, फ्रंट व्हील ड्राइव्ह. इंजिनाला फारसा हात लावलेला नाही, सस्पेन्शन आणि ब्रेक बदललेत. गेला अख्खा हंगाम लॅपची वेळ एकाच आकड्यावर अडून बसली आहे. टीममधला दुसरा ड्रायव्हर तशाच गाडीत माझ्याहून ०.८ सेकंदांनी वेगवान आहे. तो हे कुठे कमावतो ते मला गाडीत बसून कळत नाही, म्हणून डेटाच्या मागे लागलो.

आधी फोनवरचं लॅप टायमर ॲप वापरायचो. फोनचा जीपीएस साधारण सेकंदाला एकदा जागा सांगतो. ताशी १४४ किमीला गाडी सेकंदाला ४० मीटर जाते, म्हणजे दोन ठिपक्यांमध्ये ४० मीटर रस्ता. ब्रेक कुठे लावला, हा प्रश्न त्यात विचारण्यातच अर्थ नव्हता. मग वापरलेला एक डेटा लॉगर (सेन्सरांच्या नोंदी ठेवणारं यंत्र) घेतला. १० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला दहा नोंदी घेणारा जीपीएस, आत तीन अक्षांचा ॲक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारा), पुढच्या ब्रेक लाइनवर प्रेशर सेन्सर, स्टिअरिंगच्या दांड्यावर ते किती फिरलं ते सांगणारा पोटेन्शियोमीटर. आरपीएम, थ्रॉटल आणि चाकांचे वेग गाडीच्या कॅन बसवरून (गाडीतले संगणक जिच्यावर एकमेकांशी बोलतात ती तारांची जोडी) येतात. वायरिंग सगळं मीच केलं.

आता तीन गोष्टींवर अडलोय.

पहिली, आणि झोप उडवणारी. आलेखात ब्रेक प्रेशर सरळ वर चढतं, पण वेग त्यानंतर साधारण ०.२ सेकंदांनी उतरायला लागतो. १४४ च्या वेगात हे ८ मीटर झाले. मला वाटलं ब्रेकमध्ये हवा आहे. दोनदा ब्लीड केले (हवा काढली), पॅड बदलले, मास्टर सिलिंडर काढून तपासला. फरक शून्य.

दुसरी. सर्किटच्या तिसऱ्या वळणात माझा किमान वेग सहकाऱ्यापेक्षा ताशी ३ किमीने जास्त आहे. तरी पुढचा स्ट्रेट संपेपर्यंत डेल्टाच्या (दोन लॅपमधल्या वेळेच्या फरकाच्या) रेषेत मी ०.३ सेकंद गमावलेले असतात. जास्त वेगाने वळूनही मागे कसा?

तिसरी. आरपीएमची रेषा मध्येच शून्यावर पडते आणि लगेच परत येते. एका लॅपमध्ये पाच-सहा वेळा.

शिवाय सहकाऱ्याचा लॉगर दुसऱ्या कंपनीचा आहे, त्यामुळे दोन फाइली एकावर एक ठेवताना फार ओढाताण होते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं. पुढच्या सरावाला तीन आठवडे आहेत.

पिटलेन

आधी एवढं सांगा. आलेखातला वेग जीपीएसचा आहे की चाकाचा? अँटेना कुठे बसवली आहे? आणि ब्रेक प्रेशरखाली ॲक्सेलरोमीटरचा पुढे-मागेचा जी (त्वरण) लावून पाहिलात का? तो पाहिल्याशिवाय ब्रेकला आणखी हात लावू नका.

तिसरा_गिअर

वेग जीपीएसचा. अँटेना डॅशबोर्डवर, काचेखाली. जी आत्ता लावून पाहिला आणि चक्रावलो. प्रेशर आणि जी जवळजवळ एकत्रच उठतात. चाकांचा वेगही तिथेच उतरायला लागतो. मागे राहतो तो फक्त जीपीएसचा वेग. म्हणजे ब्रेक ठीक आहेत?

पिटलेन

ब्रेक ठीक आहेत. खरं तर हे तुमच्या पहिल्याच आलेखात दिसत होतं. प्रेशर सेन्सर लाइनवर आहे, पेडलवर नाही. लाइनमध्ये हवा असती तर प्रेशरच हळूहळू चढलं असतं, चढती रेषा तिरकी पडली असती. तुमचं प्रेशर ताठ उभं राहतं. प्रेशर आलं की पॅड डिस्कला धरतात, मध्ये ०.२ सेकंद जायला जागाच नाही.

उशीर जीपीएसचा आहे. रिसीव्हर उपग्रहांचे सिग्नल घेतो, गणित करतो, आकडे गुळगुळीत करतो आणि मग लॉगरकडे पाठवतो. लॉगरने ती नोंद हाती आली त्या क्षणाच्या खात्यावर टाकली, तर सगळी रेषा उजवीकडे सरकते. बरेच लॉगर ही सरक आपणहून दुरुस्त करतात. तुमच्यात ती सेटिंग बंद असेल किंवा नसेलच.

तपासायची रीत सांगतो. सरळ रस्त्यावर, रस्ता मोकळा आहे याची खात्री करून, एकदा ताशी ६० वरून आणि एकदा १२० वरून जोरात, एका दमात ब्रेक लावा. मग जीपीएसच्या वेगापासून मॅथ चॅनेलमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या गणिताच्या रेषेत) मंदन काढा आणि ती रेषा डावीकडे सरकवत ॲक्सेलरोमीटरच्या रेषेवर बसवा. दोन्ही वेगांना सरक सेकंदांत सारखीच आली तर तो जीपीएसचा उशीर, तेवढा ऑफसेट द्या आणि विसरा. सरक मीटरमध्ये सारखी आली आणि सेकंदांत वेगळी, तर गडबड अंतराच्या मोजणीत आहे, मग परत इथे या.

मंदन काढताना थोडं स्मूदिंग लागेल, नाहीतर रेषा करवतीसारखी दिसेल. पण तेवढंच. जास्त स्मूद केलं की ब्रेकचा कोपराच गोल होतो आणि जे शोधायला निघालात तेच पुसलं जातं.

जीपीएसला त्यामुळे नावं ठेवू नका. वेग तो डॉप्लरने (सिग्नलच्या वारंवारतेतल्या बदलावरून) काढतो आणि तो आकडा जागेच्या आकड्यापेक्षा कितीतरी भरवशाचा असतो. जागा मात्र साध्या रिसीव्हरवर मीटर-दोन मीटर इकडे-तिकडे होते. नकाशावर तुमची रेषा सहकाऱ्याच्या आत अर्धा मीटर दिसली तर त्यावर काही ठरवू नका. अँटेना जमलं तर छतावर न्या. काचेखालून मागचं अर्धं आकाश छत झाकतं. गाडीचे भाग कार्बन फायबरचे असतील तर त्यांच्याखाली ती ठेवूच नका, सिग्नल अडतो.

तारजोडणी

आरपीएमबद्दल लिहितो, ब्रेकचं वर आलंच आहे.

गाडी बंद करा, बॅटरीचा निगेटिव्ह काढा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून कॅन हाय आणि कॅन लो यांच्यामधला रोध मोजा. बसच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, दोन्ही समांतर, म्हणून साधारण ६० दिसायला हवा. ४० दिसला तर लॉगरने तिसरा १२० जोडलाय. वापरलेल्या लॉगरमध्ये हे हमखास सापडतं, कारण आधीच्या मालकाने तो वेगळ्या ईसीयूसोबत (इंजिनाच्या संगणकासोबत) एकटा जोडलेला असतो आणि टर्मिनेशन (टोकाचा तो रेझिस्टर) चालूच राहतं. १२० दिसला तर उलट, कुठेतरी एक टोक सुटलंय.

बसपासून लॉगरपर्यंतच्या दोन तारा एकमेकींना पिळ देऊन, जमेल तितक्या आखूड ठेवा. इग्निशन कॉइलच्या तारांसोबत एकाच जुडग्यात बांधल्या असतील तर आजच सोडवा.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. लॉगरची कॅन सेटिंग फक्त ऐकण्यावर ठेवा, बोलण्यावर नाही. त्याच बसवर एबीएस आहे. लॉगरने काहीबाही संदेश पाठवून ब्रेकिंगच्या वेळी एबीएस गोंधळला तर ती चूक लॅप टाइममध्ये दिसणार नाही, भिंतीत दिसेल.

उशिरा_ब्रेक

तिसऱ्या वळणाचं मी सांगते. हा अनुभव माझाही आहे आणि त्यात माझं एक वर्ष गेलं.

किमान वेगाचा आकडा एकटा वाचू नका. तो आकडा वळणात कुठे पडतो ते बघा. आलेखाचा आडवा अक्ष अंतराचा ठेवा, वेळेचा नाही, नाहीतर दोन लॅप एकमेकींसमोर येतच नाहीत. मग चार रेषा एकाखाली एक: वेग, थ्रॉटल, स्टिअरिंग, आणि सगळ्यांत खाली डेल्टा. डेल्टाची चढण कुठे सुरू होते तिथे बोट ठेवा आणि सरळ वर जा.

माझा अंदाज असा. तुम्ही लवकर वळताय. वेग जास्त घेऊन आत जाताय, गाडी एपेक्सला (वळणाच्या आतल्या कडेच्या बिंदूला) वेळेआधी टेकते आणि बाहेर पडताना रस्ता संपत येतो. मग स्टिअरिंग सैल करायच्या वेळी तुम्ही ते आणखी फिरवता आणि थ्रॉटल अर्धं उघडून परत सोडता. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये पुढची चाकं वळवायची कामगिरी करत असताना त्यांच्याकडून ओढण्याचीही अपेक्षा केली की अंडरस्टिअर (स्टिअरिंग फिरवूनही गाडी कमी वळणं) ठरलेला. थ्रॉटलच्या रेषेत एपेक्सनंतर एक टेकडी, एक खाच आणि मग चढ दिसतो का ते बघा.

त्याची किंमत स्ट्रेटवर मोजावी लागते. ४०० मीटरचा स्ट्रेट सरासरी ताशी १२० ने १२ सेकंदांचा, १२२ ने ११.८ चा. सरासरीत फक्त २ किमीचा फरक आणि ०.२ सेकंद गेले. वळणातले ३ किमी तुम्ही दहा-पंधरा मीटर भोगता, बाहेर पडतानाचा वेग पूर्ण स्ट्रेटभर.

दोन वेगळ्या लॉगरच्या फाइलींबद्दल. सॉफ्टवेअरमागे फार धावू नका. एआयएमचा रेस स्टुडिओ, मोटेकचं आय२, व्हीबॉक्सचं सर्किट टूल्स, तिन्ही चांगली आहेत, पण ज्याचा लॉगर त्याचं सॉफ्टवेअर हेच सोयीचं. सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल) काढून जुळवता येतं, पण सुरुवातीची रेषा दोघांत वेगवेगळ्या जागी असली किंवा एकाचं अंतर चाकाच्या वेगावरून मोजलेलं असलं, तर ब्रेकिंगमध्ये चाक लॉक झालं की त्याचा रस्ता आखूड होतो. पुढची सगळी लॅप सरकते आणि डेल्टा खोटं बोलायला लागतो.

त्यापेक्षा सहकाऱ्याला विनवून त्याला पाच लॅप तुमच्या गाडीत बसवा. तीच गाडी, तोच लॉगर, तेच टायर, तोच दिवस. मग उरतो तो फरक फक्त ड्रायव्हरचा. हे ऐकायला जड जातं, मलाही गेलं होतं. पण त्या पाच लॅपनी मला जेवढं दिलं तेवढं कुठल्याही सेन्सरने दिलं नाही.

पिटलेन

वरच्या शेवटच्या परिच्छेदाला पूर्ण अनुमोदन.

एक भर. पुढचा सेन्सर घ्याल तो ऑइल प्रेशरचा घ्या. लांब वळणात ऑइल संपच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) एका बाजूला चढतं, पिकअप (ऑइल ओढणारी नळी) उघडा पडतो आणि प्रेशर अर्ध्या सेकंदासाठी कोसळतं. ड्रायव्हर त्या वेळी रस्ता बघत असतो, काटा नाही. किमान २० हर्ट्झला नोंदवा, खाली बाजूचा जी लावा. वळणागणिक प्रेशरला खड्डा पडताना दिसला तर संपमध्ये बॅफल (ऑइल सरकू न देणारा पडदा) घालेपर्यंत त्या गाडीने शर्यत करू नका.

तिसरा_गिअर

सगळ्यांचे मनापासून आभार. सराव झाला, जे सापडलं ते लिहितो.

कॅन हाय-लो मध्ये ४० ओहम. लॉगरच्या कनेक्टरमध्येच एक रेझिस्टर डकवलेला निघाला, वर काळी टेप. काढल्यावर ६०. दिवसभरात आरपीएम एकदाही पडलं नाही. लॉगर फक्त ऐकण्यावर ठेवलाय.

६० आणि १२० वरून ब्रेक लावून पाहिले. सरक दोन्हीकडे ०.२ सेकंदच आली. ऑफसेट दिला आणि प्रेशर, जी, वेग तिघंही एका उभ्या रेषेत येऊन बसले. ते पाहून खरंच गळा दाटला, कारण त्या ब्रेकवर मी सलग चार रात्री काढल्या होत्या.

सहकारी माझ्या गाडीत पाच लॅप बसला. तिसऱ्या वळणात त्याचा किमान वेग माझ्यापेक्षा कमी, पण १२ मीटर पुढे. थ्रॉटल त्याचं एकदा उघडलं की उघडंच. माझ्या रेषेत अगदी तीच टेकडी आणि खाच होती, आणि खाचेच्या नेमक्या वर स्टिअरिंगची रेषा आणखी फिरलेली. पूर्ण थ्रॉटलला मी त्याच्यापेक्षा २५ मीटर उशिरा पोचत होतो. दुपारच्या सत्रात फक्त एवढंच केलं, टर्न-इन (वळायला सुरुवात) उशिरा घेतला आणि स्टिअरिंग सैल होईपर्यंत उजवा पाय थोपवला. आत जाताना गाडी हळू वाटत होती, इतकी की दोनदा वाटलं आपण लॅप वाया घालवतोय. त्या वळणापासून स्ट्रेटच्या टोकापर्यंतचा तोटा ०.३ वरून ०.१ वर आला.

ऑइल प्रेशरचा सेन्सर मागवला आहे. एक शंका अजून आहे. तो इंजिन ब्लॉकवर थेट लावू, की कंपनांनी खराब होऊ नये म्हणून आखूड होज (नळी) घालून फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) बसवू?

तारजोडणी

होज घालून फायरवॉलवर. ब्लॉकवरची कंपनं सेन्सरचा गळा तोडतात, मग गरम ऑइल बाहेर. होज ब्रेडेड (तारेच्या विणीचं आवरण असलेली) घ्या, एक्झॉस्टपासून लांब न्या, आणि पहिल्या पाच लॅपनंतर बॉनेट उघडून सांधे हाताने तपासा.