ऑपरेशन गेलं, क्रेडिट आलं : रडतंय कोण?

धागेदोरे (इचलकरंजी)
परवा 'वेगळा सूर' यांनी इथे लिहिलं की ऑटोमेशन सेवांनी, म्हणजे एका ॲपमधलं काम दुसऱ्यात आपोआप करून देणाऱ्या आयएफटीटीटी, मेक, झॅपियर, एन-एट-एन वगैरेंनी, जरा काही बदललं की आपले छोटे व्यावसायिक रडायला लागतात, फुकट वापरतात आणि वर तक्रारी करतात. शिकायची तयारी नसेल तर त्यांनी सरळ वही-पेन घ्यावं. चार ओळींत उत्तर द्यायला बसले आणि लांबलं, म्हणून वेगळा धागा.

मी पैसे भरून वापरते. शिकवणीवाले, दोन दवाखाने, साड्या विकणारी एक मैत्रीण, अशा लोकांची कामं लावून देते. फॉर्म भरला की शीटमध्ये ओळ, शीटवरून मेसेज, संध्याकाळी थकबाकीची यादी. महिन्याचा खर्च गिऱ्हाइकाला आधी सांगावा लागतो, कारण तो बिचारा 'एकूण किती?' एवढंच विचारतो.

फीचर वाढवा, बटणं इकडची तिकडे करा, डाव्या कोपऱ्यात एआयचं चमचमतं चिन्ह लावा, माझं काही म्हणणं नाही. माझी तक्रार मोजमापाबद्दल आहे. २०२० च्या सप्टेंबरात आयएफटीटीटीने पैसे भरायचा प्रो प्लॅन आणला आणि फुकटवाल्यांना तीन ॲपलेटांवर, म्हणजे आपोआप चालणाऱ्या तीन कामांवर आणलं, पुढे दोनवर. राग आला, पण तीन म्हणजे तीन, हे कळत तरी होतं. २०२५ च्या जुलैपासून व्हॉट्सअ‍ॅपने धंदेवाल्यांना संभाषणामागे लावलेला दर मेसेजमागे केला. ऑगस्टात मेकने ऑपरेशनच्या (कामातली एक पायरी चालली की एक) जागी क्रेडिट आणलं. खानावळीत महिन्याचे पैसे भरल्यावर मधेच मालक म्हणाला की उद्यापासून पोळ्या नगावर नाही, वजनावर मोजणार, तर तुम्ही 'वा, नवीन फीचर' म्हणाल का?

वर्षाचे पैसे घेतले असतील तर वर्षभर जुनंच माप ठेवा. एवढंच मागणं आहे. याला रडणं म्हणत असाल तर म्हणा.

वेगळा_सूर
माझं वाक्य अर्धंच उचललंत, असो. मेकमध्ये साध्या मॉड्यूलला, म्हणजे कामातल्या एका पायरीला, जिथे एक ऑपरेशन जायचं तिथे आता एक क्रेडिट जातं. पोळी तीच, वजनही तेच. जास्त क्रेडिट जातात ते मुख्यतः मेकचाच एआय वापरला की, टोकनच्या (एआयने वाचलेल्या-लिहिलेल्या मजकुराच्या तुकड्यांच्या) हिशोबाने. शिकवणीच्या फीच्या यादीला टोकन कुठून लागले?

खरं गळतं ते ट्रिगरमध्ये, म्हणजे काम कधी सुरू करायचं ते ठरवणाऱ्या पायरीत, आणि तिकडे कोणी बघत नाही. दर १५ मिनिटांनी शीट तपासायला सांगितलं तर दिवसाला ९६ आणि महिन्याला २८८० तपासण्या. नवीन ओळ असो वा नसो, प्रत्येक तपासणी मोजली जाते. फुकट प्लॅनमध्ये मिळतात १०००, म्हणजे अकराव्या दिवशी बोंब. रात्री दोनला शिकवणीचा फॉर्म कोण भरतो? वेबहुक लावा (फॉर्म भरला की तोच कळवतो, सारखं तपासावं लागत नाही) किंवा वेळापत्रक दिवसापुरतं ठेवा.

आणि प्रत्येक वेळी दोष सेवेचाच असतो असंही नाही. २०१९ मध्ये गूगलने जीमेलचे नियम कडक केले म्हणून आयएफटीटीटीवरचे जीमेलचे ट्रिगर गेले. शिव्या कोणी खाल्ल्या? आयएफटीटीटीने.

धागेदोरे
वेबहुक मला माहीत आहे हो. दवाखान्यातल्या काउंटरवरच्या मुलीला शीट उघडून टाइप करायचं असतं, तिला वेबहुक माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही.

एकास एक हा आजचा भाव आहे. ऑपरेशन मला बोटांवर मोजता येतं. क्रेडिट म्हणजे ते म्हणतील तेवढं. उद्या एखाद्या मॉड्यूलला दोन लावले तर प्लॅनची किंमत तीच दिसणार आणि काम निम्मं होणार. शिवाय तुलना करायची तरी कशी? झॅपियर टास्क, म्हणजे पार पडलेली पायरी मोजतो, त्यात नको ते गाळणारा फिल्टर आणि मजकूर नीट करणारा फॉरमॅटर धरत नाही. एन-एट-एनच्या क्लाउडवर अख्खा वर्कफ्लो (पहिल्यापासून शेवटपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या) एकदा चालला की एक. तिघांची तीन मापं, आणि गिऱ्हाईक विचारतंय 'एकूण किती?'

टर्मिनलराव
एन-एट-एन स्वतःच्या सर्व्हरवर टाका, महिना चारपाचशेत काम होतं. कितीही चालवा, मोजणारं कोणी नाही. दर सहा महिन्यांनी हेच रडगाणं ऐकून कंटाळा आला.

मास्तर_बार्शी
टर्मिनलराव, माझ्या भाच्याने असाच एक सर्व्हर शाळेसाठी लावून दिला होता. गैरहजर मुलांच्या पालकांना सकाळी अकराला मेसेज जायचा. झकास चाललं होतं. मग भाचा नोकरीला परदेशी गेला. एके दिवशी जुन्या नोंदींनी डिस्क भरली आणि मेसेज बंद. नेमका त्या दिवशी एक पोरगा दप्तर घेऊन शाळेऐवजी यात्रेला गेला. संध्याकाळी त्याचा बाप माझ्या दारात. त्याला काय सांगू, डिस्क भरली होती? पासवर्ड भाच्याकडे, आणि भाच्याच्या तिकडे मध्यरात्र.

टर्मिनलराव
जुन्या नोंदी आपोआप पुसायची सोय असते. भाच्याने ती लावली नाही, यात सॉफ्टवेअरचा काय दोष?

वेगळा_सूर
आणि एन-एट-एनच्या २.० आवृत्तीत सर्व्हरला थेट आज्ञा देणारा एक्झिक्यूट कमांड नोड मूळ सेटिंगमध्येच बंद केलाय, तो बदल नाही वाटतं? स्वतःचा सर्व्हर घेतला म्हणून बदल चुकत नाहीत. फक्त मेल पाठवून कळवणारं कोणी उरत नाही.

टर्मिनलराव
तो सुरक्षेसाठी बंद केलाय. एका ओळीत चालू होतो.

बे_एरियातला_बंड्या
महिन्याला दहा डॉलरवरून एवढं महाभारत? इथे अमेरिकेत एका सँडविचला जास्त जातात. चांगलं टूल असेल तर पैसे टाकायचे आणि कामाला लागायचं.

अकाउंटवाली_मावशी
बंड्या, दहा डॉलर द्यायला कोणी नाही म्हणत नाही रे. ते इथून निघतच नाहीत, हे दुखणं आहे.

१ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की दर महिन्याला आपोआप कापायचं तर मँडेट, म्हणजे ग्राहकाची आगाऊ परवानगी, नोंदवलेलं हवं आणि कापायच्या किमान २४ तास आधी सूचना हवी. ओटीपीशिवायची मर्यादा आधी ५,००० होती, जून २०२२ मध्ये १५,००० केली. बाहेरच्या कित्येक कंपन्या या व्यवस्थेत आल्याच नाहीत, त्यामुळे कार्डात पैसे असून पेमेंट फेल.

आमच्या ऑफिसात काय झालं ते सांगते. गिऱ्हाइकांना जीएसटीआर-३बी या जीएसटी विवरणपत्राची आठवण जावी म्हणून एक सेवा घेतली होती. १७ तारखेला पेमेंट अडकलं, खातं फुकट प्लॅनवर आलं आणि आठवणीचे मेसेज गेलेच नाहीत. शेवटची तारीख २०. दिवसाला ५० रुपये लेट फी. रक्कम किरकोळ, पण गिऱ्हाइकांनी जे ऐकवलं ते ५० रुपयांचं नव्हतं.

आणि तुझे दहा डॉलर इथे दहा राहत नाहीत. बँकेचं परकीय चलनाचं मार्कअप, म्हणजे वरचा आकार, साडेतीन टक्क्यांपर्यंत, त्यावर जीएसटी. ज्याच्याकडे जीएसटी नंबर नाही त्याला सेवेवर १८ टक्के वेगळे.

बे_एरियातला_बंड्या
म्हणजे तुमच्या रिझर्व्ह बँकेने अडवलं आणि राग कंपनीवर. कमाल आहे.

मास्तर_बार्शी
'तुमच्या' रिझर्व्ह बँकेने? गणपतीला आईकडून मोदकांचे फोटो मागवताना मात्र 'आपलं' असतं सगळं!

बे_एरियातला_बंड्या
वैयक्तिक नका होऊ मास्तर. मुद्दा सुचला नाही की तुमचं हेच असतं.

टर्मिनलराव
एकदा तरी बंड्याच्या बाजूने बोलतो. तो नियम चांगला आहे. वडिलांच्या कार्डावरून कुठल्याशा ॲपचे पैसे दर महिन्याला जात होते, त्यांना पत्ता नव्हता. नियम आला आणि आपोआप थांबले. ज्याला खरंच हवंय तो ओटीपी टाकेल की.

अकाउंटवाली_मावशी
नियम वाईट असं मी कुठे म्हटलं? नियम येऊन इतकी वर्षं झाली, तरी ज्यांना भारतातली गिऱ्हाइकं हवीत ते पैसे घ्यायची नीट सोय करत नाहीत. एआय एजंट दर आठवड्याला नवा येतो, रुपयात बिल येत नाही. नवीन फीचरच्या यादीत मला ते एकच हवंय.

धागेदोरे
माझा धागा मोजमापाबद्दल होता, आता तो कार्डांचा झालाय. चालू द्या.

वेगळा सूर, दोन्ही दवाखान्यांचं वेळापत्रक सकाळी नऊ ते रात्री नऊ केलं. तपासण्या निम्म्या झाल्या. हे तुम्हाला सांगायची अजिबात इच्छा नव्हती. वार्षिक पैसे घेतलेल्यांना जुनं माप, या मागणीवर तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत, तेही लक्षात आहे.

वेगळा_सूर
ती मागणी रास्त आहे. बाकी मी लिहिलेलं मागे घेत नाही. निम्म्या तपासण्यांचे पैसे तुमच्या गिऱ्हाइकाकडून आजवर उगाच जात होते, ते कोणत्या मापाने मोजायचे ते ठरवा.

धागेदोरे
कळलं. एवढ्या गोड शब्दांत सांगितल्याबद्दल आभारी आहे.

मास्तर_बार्शी
मावशी, शाळेसाठी पैसे भरायचं ठरतंय. महिन्याचं घेऊ की वर्षाचं? मोबाईलवर ओटीपी येतच नाही बऱ्याचदा.

अकाउंटवाली_मावशी
वर्षाचं घ्या, बारा वेळा अडकण्यापेक्षा एकदाच अडकू दे. आधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा, पैसे गेले की लगेच बंद करा. बिल शाळेच्या नावावर मागा, तुमच्या नावावर आलं तर संस्था पैसे परत देताना छळेल. आणि पासवर्ड भाच्याकडे देऊ नका.

टर्मिनलराव
किंवा मी सर्व्हर लावून देतो.

अकाउंटवाली_मावशी
टर्मिनलराव, तुम्ही गप्प बसा.