कालच्या व्हिडिओवरून: ज्वालामुखी, कोळसा आणि अणुवीज

काका: कालचा तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहा, पृथ्वी माणसामुळे तापत नाहीये असं त्यात सांगितलंय. पृथ्वी पूर्वीही तापली, पुन्हा गार झाली. तेव्हा कुठे मोटारी होत्या? ज्वालामुखी माणसापेक्षा कितीतरी जास्त धूर ओकतात.

ताई: काका, जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षभरात सोडतात तो कार्बन डायऑक्साइड माणसाच्या एक टक्काही भरत नाही. आणि हवेतला जास्तीचा कार्बन कुठून आला, हे तपासता येतं. वनस्पती कार्बन-१३, म्हणजे कार्बनचा किंचित जड प्रकार, जरा कमी घेतात, म्हणून त्यांच्यापासून झालेल्या कोळशा-तेलातही तो कमी. ज्वालामुखीच्या वायूत तेवढी तूट नसते. हवेतलं कार्बन-१३ चं प्रमाण घसरत चाललंय, म्हणजे जास्तीचा कार्बन वनस्पतींपासूनचा आहे. बरं, जंगलं जळून हे झालं म्हणावं, तर जिवंत झाडात कार्बन-१४, म्हणजे काळानुसार आपोआप नष्ट होणारा किरणोत्सारी कार्बन, असतो. कोट्यवधी वर्षं गाडलेल्या इंधनात तो उरलेलाच नसतो. इंधनाच्या धुराने हवेतला कार्बन-१४ विरळ होतोय, हे १९५० च्या दशकातच लक्षात आलं होतं. मला हा पुरावा सगळ्यात भक्कम वाटतो, कारण त्याला संगणकाचं कुठलंच मॉडेल लागत नाही.

काका: आणि सूर्य?

दादा: १९७८ पासून उपग्रह मोजतायत, सूर्याची ऊर्जा वाढलेली नाही. शिवाय सूर्यामुळे तापलं असतं तर स्ट्रॅटोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो थंड होतोय.

ताई: आणि पूर्वी तापली हे खरंच आहे. पण हिमयुग सरताना चार-पाच अंश वाढायला हजारो वर्षं गेली. आता दीडशे वर्षांत एका अंशाच्या वर गेलोय.

काका: समजा, मानलं. मग कोळसा बंद करून रात्री अंधारात बसायचं? सौर पॅनेल बनवतानाही प्रदूषण होतंच की.

ताई: हा प्रश्न मला मनापासून पटतो. वाद घालायचा तर यावर घालूया. खाणीपासून भंगारापर्यंतचा हिशेब धरला तर आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीच्या २०१४ च्या अहवालात कोळशाच्या विजेच्या एका युनिटमागे कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात सुमारे ८२० ग्रॅम उत्सर्जन आहे, सौर विजेमागे ४०-५०, पवन आणि अणुविजेमागे १०-१२. निर्दोष कुणीच नाही, पण दोष सारखेही नाहीत. म्हणून जर्मनीचा निर्णय मला आजही खटकतो. एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, कोळशाची केंद्रं मात्र चालू ठेवली. क्रम उलटा हवा होता.

मावशी: चेर्नोबिलचा अणुअपघात विसरलात का? आणि तो किरणोत्सारी कचरा पुढच्या पिढ्यांनी सांभाळायचा?

ताई: नाही विसरले, मावशी. कचऱ्याची जबाबदारी खरीच आहे. पण तो मोजून, बंदिस्त ठेवता येतो. कोळशाचा धूर रोज लोकांच्या फुप्फुसात जातो आणि अपघात न होताही माणसं मारतो.

दादा: सौर वीज रात्रीसाठी साठवायच्या बॅटऱ्यांबद्दलही बोला ना. कोबाल्ट बहुतेक काँगोतून येतं, तिथल्या खाणींत लहान मुलं राबतात.

ताई: हो, आणि ते झाकून ‘हरित’ म्हणणं मला मान्य नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीत कोबाल्ट लागत नाही, तिकडे वळायला हवं.

काका: मग तोवर नैसर्गिक गॅसवर वीज बनवणं बरं नाही का? निदान काजळी तरी नाही.

ताई: जाळताना कोळशाच्या साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड निघतो, हे बरोबर. पण गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट तापवतो. विहिरीपासून केंद्रापर्यंत वाटेत किती गळतो, यावर त्याचा सगळा फायदा अवलंबून आहे, काका. आधी ती गळती मोजायला लावा, मग मी गॅसच्या बाजूने बोलेन.