मदत हवी आहे: भाच्याला सायकोसिस (भास-संशयाचा मानसिक आजार), आता सगळ्या घराला थेरपीला बोलावलंय

साखळीचा_मामा
भाचा 20 वर्षांचा. दोन महिने कॉलेज बंद, रात्रभर जागा. शेजारी मोबाईलमधून आपलं बोलणं ऐकतात म्हणतो. गोव्यात बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात दाखवलं, गोळी सुरू होऊन 10 दिवस झाले. आता फॅमिली थेरपी सांगितलीय. भावोजी म्हणतात, "आजारी तो, आम्ही कशाला?" बहीण गोळी वरणात मिसळून देते. आजीला कौल लावायचाय. तिथे नेमकं काय करतात?

मांडवीकाठ
मामा, आधी ती वरणातली गोळी. संशय हेच ज्याचं दुखणं, त्याला ताटात एकदा गोळी सापडली की औषध जातं आणि जेवणही. औषध बंद करू नका, पण डॉक्टरांना आजच खरं सांगा. तोंडात विरघळणारी गोळी किंवा महिन्याचं इंजेक्शन असे पर्याय असतात.

आता थेरपी. भावोजींना सांगा, तिथे चूक कोणाची हे शोधत नाहीत. 1976 साली इंग्लंडमध्ये वॉन आणि लेफ या संशोधकांनी दाखवलं की सतत टोचून बोलणं, राग किंवा अति काळजी असलेल्या घरात आजार उलटण्याचं प्रमाण जास्त. असं घर आणि आठवड्याला 35 तासांहून जास्त समोरासमोर सहवास असेल तर आणखी जास्त. म्हणजे दिवसभर उशाशी बसून राहणारी आईसुद्धा थोडी बाजूला व्हायला हवी. आजार घराने दिलेला नसतो, पण घरातल्या ताणावर तो हलतो.

ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत तीन महिने ते वर्षभरात किमान 10 बैठका सांगितल्यात, शक्यतो रुग्णासह. सुरुवातीला प्रत्येकाला काय दिसलं, कशाची भीती वाटली ते ऐकतात. मग आजाराची माहिती, बोलण्याचा सराव, आणि आजार उलटण्याआधीच्या खुणांची यादी. ही यादी त्याच्याच तोंडून यावी: झोप तुटणं, अंघोळ टाळणं, खिडक्या लावून घेणं.

घरी वाद घालू नका, हो ला हो पण करू नका. "मला तसं काही ऐकू येत नाही, पण तुला भीती वाटतेय हे कळतं. आत बसूया का?" एवढं पुरे. एका वेळी एकानेच बोलायचं, टीव्ही बंद.

आजीशी भांडू नका. देवाला गाऱ्हाणं घालू दे, गोळी मात्र चुकता कामा नये. घाड्याने (देवाचा कौल सांगणाऱ्याने) उपास किंवा मारझोड सांगितली तर तिथेच थांबवा.

फार्मसी_म्हापसा
मान वाकडी होणं, डोळे वर चढणं असं झालं तर त्याच दिवशी कॅज्युअल्टीत न्या. इंजेक्शनने लवकर उतरतं. पाय एका जागी न ठरणं हाही बऱ्याचदा औषधाचा परिणाम असतो, घरच्यांना वाटतं वेड वाढलं. वजन दर आठवड्याला त्याच काट्यावर, साखर आणि लिपिड (रक्तातली चरबी) डॉक्टर सांगतील तेव्हा. पुरता गुण यायला 4 ते 6 आठवडे लागू शकतात. बरं वाटल्यावरही वर्ष-दोन वर्षं गोळी चालू राहते, बहुतेक घोळ तिथेच होतो. गांजा असेल तर लपवू नका. रात्री-अपरात्री टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन 14416, जिवाला धोका वाटला तर थेट 108.

साखळीचा_मामा
देव बरें करूं. बहिणीची मुलगी बारावीला आहे, तिलाही न्यायचं?

मांडवीकाठ
एक-दोन बैठकांना जरूर, तिची तयारी असेल तर. भावंडांना कोणी काही सांगत नाही, मग ती स्वतःलाच दोष देतात. तिचा अभ्यास आणि मैत्रिणी चालू राहू द्यात, आणि दादावर लक्ष ठेवायचं काम तिला देऊ नका.